पंडिता रमाबाई आणि आश्रितांचा मान



थोरांची चरित्रे आपण बहुधा दोन प्रकारे वाचतो. कधी चरित्रनायकाला देव्हाऱ्यात बसवून हात जोडतो, तर कधी परीक्षेपुरत्या सनावळ्या पाठ करून पुस्तक मिटतो. या दोन्ही प्रकारांनी वाचणाऱ्याच्या आयुष्यात फारसा फरक पडत नाही. तिसराही एक प्रकार आहे. मनात एखादा खरा प्रश्न घेऊन त्या थोर माणसाच्या दाराशी जावे आणि त्याच्या जन्मभराच्या वागणुकीत उत्तर सापडते का ते पाहावे. पंडिता रमाबाईंच्या चरित्राकडे आम्ही असाच एक प्रश्न घेऊन गेलो. तो आम्हाला कसा पडला, हे आधी सांगितले पाहिजे.

नाताळच्या सुमारास आम्ही काही विद्यार्थ्यांना घेऊन एका वृद्धाश्रमात गाणी म्हणण्यास गेलो होतो. जागा स्वच्छ होती, जेवण वेळच्या वेळी मिळत होते आणि सेवक मंडळी कष्टाळू दिसली. तेथे एक आजीबाई दारापाशी बसून येणाऱ्याजाणाऱ्यास आपल्या पेटीविषयी विचारीत होत्या. पेटी पत्र्याची, लहानशी होती. तीत यजमानांचा चष्मा, एक फणी आणि काही जुनी पत्रे होती. खोल्यांत पसारा होऊ नये म्हणून सर्वांचे सामान कचेरीतल्या कपाटात ठेवण्याचा तेथे नियम होता. प्रत्येक सेविका गोड शब्दांत उद्याचा वायदा करून पुढे जाई. कोणी आजींवर रागावले नाही, कोणी त्यांना दुखविले नाही. पण पेटी मात्र कोणी आणून दिली नाही. परत येताना इयत्ता सातवीतल्या एका मुलाने आम्हाला विचारले की, ती पेटी आता कोणाची म्हणायची? आम्ही इतकी वर्षे शिकवीत आहो, परंतु त्या प्रश्नाला आम्हाला चटकन उत्तर देता आले नाही.

ज्याला आपण आश्रय देतो, अन्न देतो, ज्याचे अंग पुसतो, त्याच्यावर आपला किती अधिकार पोचतो? उपकार केल्याने माणूस आपल्या मालकीचे होते काय? हा तो प्रश्न. आता बाईंच्या चरित्राकडे वळू.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या दक्षिण भागातील गंगामूळ नावाच्या रानात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे कोकणस्थ ब्राह्मण व मोठे संस्कृत पंडित होते. स्त्रियांना संस्कृत शिकविणे पाप मानले जाई, अशा काळात त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला ती भाषा शिकविली. त्यापायी जातभाईंचा रोष झाला, तोही त्यांनी सोसला. रमाबाईंना संस्कृताचे धडे मिळाले ते आईकडून. गंगामूळच्या आश्रमात येईल त्या पांथस्थाला व विद्यार्थ्याला जेवू घालता घालता शास्त्रीबोवांची मिळकत सरली आणि कर्ज झाले. तेव्हा रमाबाई तान्ह्या असतानाच हे कुटुंब घर सोडून तीर्थयात्रेस निघाले.

आपल्या नाशिकच्या गोदातीरी पुराण सांगणारे पुराणिक व त्यांच्या पुढ्यात तांदूळ-पैसा ठेवणारे यात्रेकरू आपल्या वाडवडिलांनी पाहिले आहेत. तशाच क्षेत्रोक्षेत्रीच्या घाटांवर आणि देवळांत डोंगरे कुटुंब पुराण सांगे, आणि श्रोते देतील त्यावर निर्वाह करी. मागणे त्यांना ठाऊक नव्हते. पुढे मद्रास इलाख्यात दुष्काळाचे दिवस आले, देणाऱ्यांचेच हात रिते झाले आणि कुटुंबावर उपासमारीची पाळी आली. शास्त्रीबोवा तेव्हा वृद्ध झाले होते व त्यांची दृष्टी गेली होती. १८७४ साली, डोळ्यांना दिसत नसलेल्या आपल्या धाकट्या लेकीला दुबळ्या हातांनी जवळ घेऊन आणि तिला देवाच्या हवाली करून, त्यांनी देह ठेवला. थोड्याच काळात आईही आजारी पडली. तिच्यासाठी शेजारच्या एका बाईकडे भाकरीचा तुकडा मागण्यास रमाबाई गेल्या. परंतु मागण्याची सवय नसल्याने शरमेने त्यांची जीभच उचलेना. भाकरी मिळाली, पण आईला ती खाण्याइतकी शक्ती उरली नव्हती. आई वारली तेव्हा खांदा देण्यास चार माणसे मिळेनात. दोघा ब्राह्मणांना दया आली. तिसरा खांदा भाऊ श्रीनिवासाचा आणि चौथा सोळा वर्षांच्या रमेचा. उंची कमी असल्यामुळे तिला तिरडीची बाजू डोक्यावर धरावी लागली. पुढे थोरली बहीणही गेली.

वाचकहो, हा प्रसंग ध्यानात ठेवा. म्हातारपण, आंधळेपण आणि दारिद्र्य ही तिन्ही एकाच माणसावर आली म्हणजे जगाच्या लेखी त्याची किंमत काय उरते, हे रमाबाईंनी पुस्तकात वाचले नव्हते. ते त्यांनी आपल्याच आईबापांच्या उशाशी बसून पाहिले. आणि मागणाऱ्याची जीभ का अडखळते हेही त्यांना तेव्हाच कळले. पुढे ज्यांच्या हाती शेकडो लोकांच्या भाकरीची किल्ली आली, त्यांच्या ठायी हे ज्ञान असणे ही ईश्वरी कृपाच म्हटली पाहिजे.

उरलेली दोघे भावंडे हिंदुस्थानभर हजारो मैल पायी हिंडली. १८७८ साली ती कलकत्त्यास पोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेतली व त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० साली श्रीनिवास वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी विवाह केला. मेधावी ब्राह्मण नव्हते, म्हणून या विवाहाने मोठी खळबळ उडाली. १८८१ साली मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पतीचे निधन झाले. चोवीस वर्षे पुरी होण्याच्या आतच रमाबाईंनी आईबाप, भाऊ, बहीण व पती या साऱ्यांना निरोप दिला होता.

त्या वर्षी त्या पुण्यास आल्या. त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले व हंटर कमिशनपुढे साक्ष दिली. स्त्रियांना शिकविण्यास स्त्री-शिक्षक आणि औषधोपचारास स्त्री-डॉक्टर हवेत, असे त्यांचे मागणे होते. परक्या पुरुषापुढे अंग दाखविण्याच्या लाजेने बायका मरण पत्करतात, हे त्यांनी पाहिले होते. आजारी माणसालाही लाज असते आणि ती राखली पाहिजे, हा विचार त्यांच्या कार्यात अगदी आरंभापासून आहे.

१८८३ साली त्या विलायतेस गेल्या व वाँटेज येथील मठभगिनींच्या आश्रयास राहिल्या. तेथे त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. या मुक्कामाकडे चरित्र वाचणारे घाईने पाहतात. आमच्या प्रश्नाला मात्र तोच फार जवळचा आहे. कारण तेथे रमाबाई स्वतः आश्रित होत्या. भगिनींनी त्यांना माया दिली, शिक्षणाची सोय केली. पण मायेबरोबर आज्ञाही आल्या. रमाबाईंनी शाकाहार सोडला नाही. तो काहींना जातीचा अभिमान वाटला. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे अशी सूचना निघाली, तेव्हा वडीलधाऱ्या धर्माधिकाऱ्यांनी हरकत घेतली. रमाबाईंनी नम्रपणे पण स्पष्टपणे कळविले की, एका पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने उतरविल्यावर दुसऱ्याचे मानेवर घेण्यास त्या तयार नाहीत. ज्या घरचे अन्न खात होत्या त्याच घरात त्यांनी आपली सदसद्विवेकबुद्धी गहाण ठेवली नाही. पुष्कळांना ही कृतघ्नता वाटली. कृतज्ञता आणि गुलामगिरी या दोहोंमधील भेद त्यांना कळत होता, असे आम्ही म्हणतो.

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या. हिंदू उच्चवर्णीय स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ साली प्रसिद्ध झाले, आणि त्यामुळे बॉस्टन येथे त्यांच्या कार्यास साहाय्य करणारी संस्था निघाली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस चौपाटीवर शारदा सदन सुरू झाले व पुढील वर्षी ते पुण्यास आले. पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. त्याच पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या.

आता सदनाची व्यवस्था पाहा. पंडिताबाई ख्रिस्ती; आश्रयास येणाऱ्या मुली ब्राह्मण विधवा. त्या मुलींना आपला आचार पाळता यावा म्हणून स्वयंपाकाची निराळी सोय केलेली होती. घराघरांतून केशवपन करून कोपऱ्यात बसविलेल्या त्या मुलींना प्रथमच आपल्या आवडीनिवडी असल्याची जाणीव झाली. सोय चालकाची पाहायची की राहणाऱ्याची, या प्रश्नाचे उत्तर बाईंनी त्या निराळ्या चुलीने दिले.

येथे एक कठीण गोष्ट टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. बाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि काही मुली आपण होऊन तेथे बसू लागल्या. यावरून पुण्यात वादळ उठले. १८९३ साली रानडे व भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी आपले अंग काढून घेतले आणि पुष्कळ पालकांनी मुली परत नेल्या. आपण कोणावर बळजबरी केली नाही, असे बाईंचे म्हणणे होते आणि ते खोटे मानण्यास कारण नाही. परंतु जी मुलगी अन्नवस्त्रासाठी सर्वस्वी आपल्यावर अवलंबून आहे, तिला आपले नुसते आमंत्रणही आज्ञेसारखे वाटू शकते, ही शंका घेणारे लोक सगळेच दुष्ट नव्हते. आम्ही स्वतः ख्रिस्ती आहो, म्हणूनच हे अधिक जपून लिहितो. आश्रित माणसाचा धर्म हा त्याच्या पेटीतल्या चष्म्यापेक्षाही त्याचा स्वतःचा असतो. वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या आपणा सर्वांना, मग आपण कोणत्याही धर्माचे असू, हा वाद आजही शिकण्यासारखा आहे.

१८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. आपल्या बालपणाची आठवण होऊन पंडिताबाई स्वतः तेथे गेल्या व सुमारे ३०० मुली आणि स्त्रियांना आश्रय देण्याचा त्यांनी निश्चय केला. त्याच वेळी पुण्यात प्लेगचा कहर चालला होता. १८९७ च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला होता. रँडसाहेबांच्या हाताखाली सोल्जर घरोघर शिरून झडत्या घेत आणि संशयितांना इस्पितळांत व छावण्यांत नेत. याच साथीत रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांनी आपला प्राण वेचला.

बाईंच्या आश्रयास असलेली एक मुलगी अशीच प्लेगच्या इस्पितळात नेण्यात आली. ती परत त्यांच्या हाती आली नाही. तेथे तिचा घात झाला, अशी बाईंची तक्रार होती. त्या वर्षीच्या मे महिन्यात त्यांनी मुंबईच्या बॉम्बे गार्डियन पत्रात पत्र लिहून इस्पितळातील व छावणीतील स्त्रियांची अब्रू सुरक्षित नाही व त्यांच्या लाजेची कदर होत नाही, असे उघडपणे सांगितले. विलायतेत असलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी या अत्याचारांना तेथे वाचा फोडली. जूनमध्ये रँडसाहेबांवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि सरकार अधिकच कडक झाले. पुरावा पुढे येईना, तेव्हा गोखल्यांना माफी मागावी लागली. गव्हर्नरसाहेबांनी बाईंचे म्हणणे खोडून काढले. पंडिताबाईंनी मात्र आपले शब्द परत घेतले नाहीत.

या गोष्टीचे मोल नीट तोलले पाहिजे. राज्य इंग्रजांचे, आणि बाईंच्या कार्याला लागणारा पैसा बहुतांशी परदेशच्या ख्रिस्ती मित्रांकडून येणारा. गप्प बसणे सोयीचे होते. शिवाय इस्पितळ हे लोकांच्या भल्यासाठीच उघडलेले, प्लेग आवरणे अवश्यच, असे समर्थन तयार होते. परंतु हेतू चांगला असला म्हणजे आत राहणाऱ्याच्या अब्रूबद्दल प्रश्न विचारू नये, हे त्यांना मान्य नव्हते. ज्या स्त्रीच्या नावाची गावात कोणाला माहिती नव्हती, जिच्यामागे ना बाप ना भाऊ, तिच्यासाठी त्यांनी सरकारला जाब विचारला.

प्लेगच्या निर्बंधांमुळे दुष्काळपीडित मुलींना पुण्यात ठेवणे अशक्य झाले, म्हणून बाईंनी त्यांना केडगाव येथे आपण घेतलेल्या शेतावर नेले. तेथेच १८९८ च्या सप्टेंबरात मुक्ति सदनाचे समर्पण झाले. १९०० सालच्या गुजराथच्या दुष्काळानंतर येथील वस्ती सुमारे २००० वर गेली. या वस्तीत शाळकरी मुलींसाठी शारदा सदन, पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, आंधळ्यांसाठी बार्तीमी सदन आणि वृद्ध व पंगू स्त्रियांसाठी प्रीति सदन अशी घरे होती. आंधळ्या मुलींना मनोरमाबाईंनी बोटांनी वाचण्याची ब्रेल लिपी शिकविली. विणकाम, शेती, दूधदुभते, छापखाना अशा कामांत ज्याला जे झेपेल ते तो करी. दुष्काळातून उचललेल्या मुली छापखान्यात खिळे जुळवू लागल्या.

या घरांच्या नावांकडे क्षणभर पाहा. महारोगी, आंधळी, म्हातारी अशी व्यंगांची पाटी बाईंनी दारावर लावली नाही. म्हाताऱ्या व अपंग स्त्रियांच्या घराला त्यांनी प्रीतीचे नाव दिले. ज्या लेकीला आपल्या आंधळ्या बापासाठी व भुकेल्या आईसाठी काही करता आले नव्हते, तिने पुढे परक्या म्हाताऱ्यांसाठी हे दार उघडले.

पंडिताबाई स्वतः पांढरे सुती लुगडे नेसत व साधेपणाने राहत. मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून साध्या बायकांना समजेल अशा मराठीत पवित्र शास्त्राचे भाषांतर करण्यात त्यांनी आयुष्याची शेवटची वर्षे घालविली. १९१९ साली सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. १९२१ साली मनोरमाबाई गेल्या, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी पंडिताबाईंनी केडगावीच शेवटचा श्वास घेतला. १९८९ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले.

बाईंच्या पश्चात जगाने या विषयात काही पावले टाकली आहेत. १० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांची सनद जाहीर केली. सनदेच्या पहिल्या कलमात केवळ पुरुषांचा नव्हे तर सर्व माणसांचा उल्लेख असावा, हा आग्रह आपल्या हंसाबाई मेहतांनी धरला होता. १९९१ साली त्याच संस्थेने वृद्धांविषयी १८ तत्त्वे मान्य केली. त्यांतील एकात स्पष्ट म्हटले आहे की, आश्रमात वा शुश्रूषागृहात राहणाऱ्या वृद्धाचे मूलभूत हक्क दाराबाहेर राहत नाहीत. त्याची प्रतिष्ठा, श्रद्धा, गरजा व खासगीपणा यांचा मान राखला पाहिजे आणि आपल्या शुश्रूषेविषयी ठरविण्याचा अधिकार त्याचाच आहे. आपल्या देशात २००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा कायदा झाला. वृद्ध आईबापांना पोसणे हे मुलांचे केवळ पुण्यकर्म नसून कर्तव्य आहे, असे तो सांगतो. आणि जिल्ह्याजिल्ह्यात निदान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असे निवासगृह असावे, अशीही तरतूद त्यात आहे.

परंतु कायदा कचेरीत असतो आणि म्हातारे माणूस खाटेवर असते. त्या दोहोंच्या मधे उभी असते ती शुश्रूषा करणारी व्यक्ती. हक्क नावाची वस्तू तिला ठाऊक नसेल, तर कायद्याचा कागद म्हाताऱ्याच्या काही कामाचा नाही. अशा सेविका व सेवक बहुधा थोड्या पगारावर, अपुऱ्या माणसांत, फार काम करतात. त्यांना दोष देऊन आपण मोकळे होऊ नये. त्यांना शिकविले पाहिजे आणि त्यांचाही मान राखला पाहिजे. अंग पुसताना पडदा ओढावा. जेवण भरविण्यापूर्वी विचारावे. नावाने, आदराने हाक मारावी. खाटेच्या आकड्याने मारू नये. आलेले पत्र न फोडता हाती द्यावे. दार लोटण्यापूर्वी टकटक करावी. तक्रार करणाऱ्यास कुरकुऱ्या म्हणू नये. यात फारसा पैसा लागत नाही. खाटेवरील देह हा अजून पुरा माणूस आहे एवढी आठवण लागते.

आणि मुलांनो, हे केवळ आश्रमांपुरते नाही. आजोबांची काठी न विचारता हलविणारे, आजीच्या देखत तिच्याविषयी ती तेथे नसल्यासारखे बोलणारे हात आणि तोंडे आपल्याही घरांत आहेत. आमच्याही घरी होती, हे कबूल करण्यास आम्हाला लाज वाटते.

तेव्हा सातवीतल्या त्या मुलाला आता आम्ही उत्तर देऊ शकतो. पेटी आजीबाईंचीच. खोली आश्रमाची असेल, अन्न दात्यांचे असेल, कपाट कचेरीचे असेल. पण पेटी, तिच्यातील चष्मा, आपला देव, आपली लाज आणि आपले नाव ही आजीबाईंचीच. पुढच्या खेपेस आम्ही तेथे गेलो म्हणजे गाणी म्हणण्यापूर्वी प्रथम कचेरीत जाऊ, पेटी मागून घेऊ आणि त्यांच्या हाती देऊ. विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी जे येतील त्यांना बरोबर नेण्यास आम्हाला आनंद वाटेल.